परमुलखातून आणलेले सासरे

लग्न होऊन, दोन लेकरं झाल्यावर मी माझ्या सासऱ्यांचं तोंड पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि ते सासरे दुसऱ्याच कोणाचे तरी निघाले.

आमच्या कोष्ट्यांच्या घरी तेव्हा सुनेचा पदर भुवईच्या खाली असे. सासऱ्यांसमोर मान वर करायची नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, आणि त्यांचं नाव तर जिभेवर आणायचंच नाही. काही सांगायचं असलं तर भिंतीकडे पाहून सांगायचं, "चहा झाला म्हणा." भिंत ऐकून घेई आणि मामाजी चहा पीत. (सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात.) मी मुळातच लाजरी. चौथीपर्यंत शिकले, पण मास्तरांनी नाव विचारलं तरी रडायची. मला तो पदर म्हणजे माहेरच वाटे. पदराखालून मला मामाजींचे पाय दिसत, धोतराची कड दिसे, आणि ते दारातून आत येताना एक भली मोठी मिशी आधी आत येते एवढं जाणवे. माझ्या हिशोबी मामाजी म्हणजे एवढेच.

हे मामाजी लुगड्याच्या काठाचे कारागीर. सक्करदऱ्याकडच्या आमच्या गल्लीत तेव्हा घरोघरी माग चाले, पण बारीक काठ काढायचा म्हटलं की सगळे मामाजींकडे येत. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. धागा दिसेना. ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसते बसून राहत आणि तुटलेला धागा बोटांनी चाचपत. एक दिवस ते सासूबाईंना म्हणाले, "काठ निघत नाही तं मले काहून जगवून राहिले?" त्या दिवशी सासूबाईंनी चूल पेटवली नाही आणि कोणी जेवायलाही मागितलं नाही.

आमच्या ह्यांनी त्यांना एका खासगी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी खर्च सांगितला. तो ऐकून मामाजींना घडीभर स्वच्छ दिसायला लागलं, म्हणाले, "काही झालं नाही मले, चला घरी." पुढे सुताच्या दुकानातल्या मुनीमजींनी बातमी आणली. मध्य प्रदेशात, छिंदवाड्याच्या अलीकडे एका गावात डोळ्यांचं शिबिर आहे. मोठे डॉक्टर येतात, ऑपरेशन, जेवण, चष्मा, सगळं जवळपास फुकटात. मामाजींनी तिथल्या तिथे ठरवलं. गल्लीत सांगताना मात्र ते शिबिर म्हणत नसत. "परमुलखात जाऊन डोये करून येतो," म्हणत. ऐकणाऱ्याला वाटावं की विमान सक्करदऱ्याच्या तलावावरच उतरणार आहे!

ह्यांना गिरणीतून सुटी मिळेना. तेव्हा सोबतीला सासूबाई निघाल्या आणि सासूबाईंच्या सोबतीला मी. परमुलखातलं पाणी बाधेल म्हणून सासूबाईंनी घरून सुरई भरून घेतली. इतवारी स्टेशनावरून छोटी गाडी निघाली. ती इतकी सावकाश जाई की एक माणूस खाली उतरून बोरं तोडून पुन्हा चढला. सुरई सावनेरच्या आतच फुटली आणि परमुलूख लागायच्या आधीच आम्ही परकं पाणी प्यायलो.

शिबिर एका शाळेत होतं. डॉक्टरांनी मामाजींचे डोळे तपासले आणि सहज म्हणून बाजूला बसलेल्या सासूबाईंचेही तपासले. त्यांचाही एक मोतीबिंदू पिकलेला निघाला. सासूबाई म्हणाल्या, "आलोच हावो इतक्या दूर, तं माहाही करून टाका." जशी काही गिरणीवर ज्वारी न्यावी आणि जाता जाता मिरच्याही दळून घ्याव्या! आता आम्हा तिघांत धड डोळे उरले फक्त माझे, आणि ते जमिनीकडे.

ऑपरेशनआधी तिथल्या न्हाव्याने पुरुषांच्या दाढ्यांबरोबर मिश्याही उतरवल्या. मामाजींची मिशी गेली. मग सगळ्या म्हाताऱ्यांना एकसारखे पांढरे सदरे, डोळ्यांवर एकसारख्या हिरव्या पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि गळ्यापासून पायापर्यंत लाल कांबळी. म्हणजे पायही गेले. डॉक्टरांनी दम भरला होता: मान हलवायची नाही, बोलायचं नाही, खोकायचं नाही, आणि मुख्य म्हणजे चिडायचं नाही. टाका सुटला तर डोळा कायमचा जाईल. मामाजींना चिडू नका म्हणणं म्हणजे मागाला वाजू नको म्हणणं. मी देवाचा धावा करत होते की एवढे दिवस मामाजींना कोणी काही बोलू नये.

मी खूण धरून ठेवली: खिडकीजवळची दुसरी बाज. पण ऊन येतं म्हणून शिबिरवाल्यांनी सगळ्या बाजा उचलून पलीकडच्या वर्गात नेल्या. तिथेही खिडकी होती. तिथेही दुसरी बाज होती. तिच्यावर एक म्हातारे होते. मी त्यांना चमच्याने शिरा भरवला, ओल्या फडक्याने तोंड पुसलं, पाय दाबले. (पाय जरा रुंद वाटले. म्हटलं, झोपून झोपून सुजले असतील.) तेव्हाच मी त्यांचं तोंड पाहिलं. डोळ्यांवर पट्टी, म्हणजे ते मला पाहू शकत नव्हते. मग मी मनसोक्त पाहून घेतलं. चांगला शांत चेहरा होता. मला वाटलं, उगीच आपण ह्यांना इतकं भीत होतो.

खरे मामाजी दाराजवळ पडून होते. त्यांना वाटलं, सून लाजते, पुरुषांच्या खोलीत येत नसेल. बिचारे शिबिराची पातळ खिचडी गिळत होते.

घरी जायच्या दिवशी स्वयंसेवकाने मला विचारलं, "यही हैं न आपके?" मी पदरातून मान हलवली. म्हाताऱ्यांना टांग्यात बसवलं. शेजारी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या सासूबाईंना बसवलं. इतके दिवस नवऱ्याशी बोलायला न मिळालेल्या सासूबाई स्टेशनापर्यंत बोलतच होत्या. नागपूरला गेल्यावर तंबाखू बंद, उन्हात जाणं बंद, मुनीमजीला उधारीवर काठ विणून देणं बंद. म्हाताऱ्यांनी हूं की चूं केलं नाही. सासूबाई गहिवरल्या. माझ्या कानात म्हणाल्या, "पाह्य वं, डागदरनं ह्यायचा सोभावही ठीक करून देला."

स्टेशनावर उतरताना त्यांनी आधारासाठी म्हाताऱ्यांचा हात धरला आणि तिथेच थबकल्या. तो हात उलटा केला, सुलटा केला. बोटं दाबली. मग विस्तव लागल्यासारखा सोडून दिला.

"सूनबाई," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हा हात तुह्या मामाजीचा नाही. हा नांगराचा हात हाय."

मी वाकून पुन्हा पाय पाहिले. रुंदच होते.

"पट्टी माह्या डोयाले हाय वं. तुह्या डोयाले का झालं?"

तेव्हा ते म्हातारे पहिल्यांदा बोलले, मान न हलवता. म्हणाले, "मले वाटलं, शिबिरवालेच घरी पोचवून देऊन राहिले. माहं गाव तं उलट्या अंगाले हाय, बाई." आणि वर म्हणाले, "पन शिरा मोठा चांगला होता."

टांगा परत फिरवला. घोड्याला पळवायची सोय नव्हती, धक्का बसला तर आत बसलेल्या दोघांचे डोळे जायचे. परपुरुष शेजारी म्हणून सासूबाईंनी पट्टीवरून पदर ओढून घेतला. मला एकच दिसत होतं: शिबिर उठलं असेल, मामाजी एकटे राहिले असतील, चिडले असतील, ओरडले असतील, टाका सुटला असेल. आणि पुन्हा मागाच्या खड्ड्यात बसून धागा चाचपतील, तो माझ्यामुळे.

शाळेत मांडव सोडणं चाललं होतं. व्हरांड्यात चार-पाच म्हातारे ओळीने बसवून ठेवले होते, सगळ्यांना पट्ट्या, सगळ्यांची तोंडं सारखीच सोललेली. स्वयंसेवक म्हणाला, "माताजी, नाम बताइए, मैं बुला देता हूँ."

नाव? मी खाली पाहिलं. सासूबाईंना टांग्यातून उतरवणं शक्य नव्हतं, आणि त्या तरी नवऱ्याचं नाव कुठून घेणार! मी वाकून एकेकाचं कांबळं वर करून पाय पाहायला लागले. पहिल्या म्हाताऱ्याने पाय आखडून घेतले. दुसऱ्याने आशीर्वाद दिला. स्वयंसेवक म्हणाला, "यह क्या कर रही हैं?" मी कसाबसा आवाज काढला, "मामाजी?"

"हाव," तिघे म्हणाले.

त्या मुलखातही सुना सासऱ्यांना मामाजीच म्हणत असतील तर त्याला मी काय करणार? मग माझं मलाच कळलं नाही, मी पदर मागे टाकला आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशी ओरडले,

"सखाराम! कोष्टी! नागपूरवाले!"

टोकाला बसलेल्या म्हाताऱ्याने मान न हलवता हात वर केला.

"इथं हाओ. ओरडू नको, डागदरनं ओरडाले मनाई केली हाय."

नागपूरपर्यंत मामाजी मला रागावले. पण डोळ्याच्या भीतीने त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. आरती म्हणावी तशा एका चालीत, सावकाश, स्टेशनामागून स्टेशन ते रागावत होते. समोरच्या बाईने लेकराला हात जोडायला लावले.

टाका शाबूत राहिला. पट्टी सुटायच्या दिवशी सगळी गल्ली आमच्या घरात होती. मी लाजून दाराआड उभी राहिले. शेजारी नुकतीच राहायला आलेली चंपा मात्र पदर न ओढता, उघड्या तोंडाने, हातात दिवा घेऊन सगळ्यांच्या पुढे. मामाजींनी जाड भिंगांचा चष्मा घातला आणि समोर पाहिलं. मग ते थेट मागावर जाऊन बसले, आणि सगळ्या गल्लीसमोर त्यांनी तुटलेला धागा एका झटक्यात जोडला. सासूबाई दुसऱ्या डोळ्यानेही रडल्या.

पुढे सासूबाई उमरेडला भावाकडे गेल्या असताना मामाजींचं पहिलं लुगडं मागावरून उतरलं. त्यांनी ते स्वतः घडी केलं, ओट्यावर आले आणि म्हणाले, "सूनबाई, हे तुह्यासाठी. तू होती म्हनून डोये वाचले." आणि चंपाच्या हातात दिलं.

त्यांनी तरी माझं तोंड कधी पाहिलं होतं!

मी तिथेच होते, हातभर अंतरावर. "मी, मी" म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण समोर सासरे. भिंतीकडे पाहून सांगावं म्हटलं तर भिंतीला टेकून चंपाच उभी. ती चैत्राच्या हळदीकुंकवाला ते लुगडं नेसून आली. सगळ्या बाया म्हणत होत्या, फार सुंदर दिसते. मला बाकी काही माहीत नाही. मान खाली होती, मला नुसता काठ दिसला. काठ मात्र एकही धागा न चुकता आला होता.