चौथ्या पानावरचा आवाज

माझा हात लवकर उठतो. आधी बैलांवर उठायचा, मग पोरीवर उठायला लागला. लेक तिसरीत गेली तरी तिला साधं ‘घर’ वाचता येईना. मी तिची पाटी फोडली, पट्टी तिच्याच पाठीवर मोडली, एकदा तर वेणीला धरून ओट्यावरून खाली ओढली. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, “पोरगी हुशार आहे दादा. अक्षरं ओळखायला तिला जास्त वेळ लागतो. मारू नका.” मला वाटलं, नुसते लाड!

मॅडमनी टॅब घरी दिला. त्यातलं पुस्तक स्वतः वाचून दाखवायचं. जो शब्द वाचला जाई, तो पिवळा व्हायचा. ऐकून झालं की पोरीनं तेच पान वाचून आपल्या आवाजात टॅबमध्ये भरायचं.

मला हे पटलंच नाही. ऐकून म्हणणं म्हणजे कॉपीच की! मोताळ्याच्या बाजारात वांगी विकून आलो, तर ही बया टॅबला कान लावून बसलेली. तीन पानं भरून झाली होती, चौथं भरणं चालू होतं. मी पुस्तकाचा आवाजच बंद केला. “आता वाच सोताच्या अकलेनं!”

“शे... शेळी...” ती अडली. पुन्हा तिथंच अडली. माझं टाळकं सरकलं. अशी ठेवून दिली की पोरगी भिंतीवर आदळली, ओठ फुटला. “काऊन नाही येत वं तुले, गाढवे?”

दोन दिवसांनी मॅडमनी मला शाळेत बोलावलं. पुस्तक लावलं. तीन पानं लेकीच्या आवाजात, हळू पण नीट. चौथ्या पानावर “शे... शेळी...” आलं आणि शेजारी उभ्या लेकीनं आधीच गाल झाकला. मग टॅबमधून सणकन आवाज आला, पाठोपाठ माझं भुंकणं. भुंकणंच ते. खोटं कशाला सांगू, आधी रागच आला, लाज नंतर वाटली.

“हे पुसून पुन्हा भरू,” मॅडम म्हणाल्या.

पोरीनं माझ्याकडे बघितलंही नाही. “बाबा बाहेर जातीन तं वाचतो.”

मी बाहेर गेलो, दार लोटलं. आत आधी पुस्तकानं वाचलं, मग तिनं. “शेळी पाण्यावर गेली.” अख्खं पान वाचलं, एकदाही अडली नाही. मग पाचवं घेतलं. मग सहावं. शाबास म्हणावं म्हणून मी दाराला हात लावला, आणि तसाच मागं घेतला. मी आत पाऊल टाकलं असतं तर ती थांबली असती.