सूर्यफुलावरचा हात

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं, त्या हिवाळ्यात मोहोळजवळच्या आमच्या रानात सूर्यफूल होतं. बोलणं परत आलं, काठी टेकत चालणंही आलं. उजवा हात मात्र लुळाच राहिला. डॉक्टर म्हणाले, हलवत राहा. आप्पा तो उपरण्याखाली झाकून बांधावरच्या बाजेवर बसून राहत. उभ्या जन्मात कुणापुढं न वाकलेला माणूस स्वतःच्याच हाताला लाजत होता. मला ते बघवत नव्हतं.

त्या वर्षी मधमाश्या फारशा फिरकल्या नाहीत. कृषी सहायकांनी सांगितलं, दव वाळलं की हाताला मऊ कापड गुंडाळा आणि या फुलावरून त्या फुलावर अलगद फिरवत चला. पराग पोचले नाहीत तर मधले दाणे पोचट राहतील. आईनं जुनं धोतर फाडलं, मी शाळेत रजा टाकली.

माझा स्वभाव तापट आणि हातही तसाच. दुसऱ्याच ओळीत एक फूल मानेपासून मोडलं. बाजेवरून आवाज आला, "आगं, तवा घासतीस का काय?"

मी चिडले. कापड सोडून त्यांच्या मांडीवर टाकलं. "मग तुमीच करून दावा की."

बोलले आणि जीभ चावली. आई माझ्याकडे बघेना.

आप्पांनी उपरण्याखालचा हात डाव्या हातानं उचलून माझ्यापुढं धरला. मी कापड गुंडाळलं. गाठ मारली.

ओळीत उभं राहून त्यांनी कोपराला खालून आधार दिला आणि हात फुलावर ठेवला. दाबायची ताकदच नव्हती त्यात. कापड नुसतं फुलावरून सरकलं आणि पिवळंधमक होऊन निघालं. फूल जरासुद्धा लवलं नाही. आई डोळे पुसत म्हणाली, जन्मभर मला राबवलं, आता जरा तुमी राबा. फुलोरा संपेपर्यंत एक दिवसाआड आप्पा रानात उतरत राहिले.

तो हात अजून घास उचलत नाही, सहीही करत नाही. परवा पाहुण्यांनी घरात शिरताच विचारलं, हात कसा हाय आता? आप्पांनी हात सगळ्यांसमोर मांडीवर घेतला.

"हलका हाय," ते म्हणाले. "फुलाला आसलाच लागतो."