व्हर्नियर लावून घेतलेली गिटार

क्वालिटीच्या मॅडम नसत्या तर मी फसलो असतो. म्हणून आधी त्यांचं सांगतो, मग गिटारचं.

नाशिकमधल्या अंबडच्या ज्या कंपनीत मी मशीन चालवतो तिथे मशीनवरून उतरलेला प्रत्येक जॉब, म्हणजे तयार भाग, मॅडमच्या टेबलावरून जातो. पन्नाशीच्या आहेत. चष्मा कपाळावर आणि बोलणं तिखट. मी नवापूरकडचा म्हणून मला नावाने हाक मारत नाहीत, "ए नवापूर" म्हणतात. गिटारमधलं त्यांना काही म्हणजे काही कळत नाही.

मी नववीतून शाळा सोडली आणि फिरत फिरत नाशिकला आलो. ठेकेदाराकडे काम, चौघांत एक खोली. घरी जायचं तर अख्खा दिवस बसमध्ये जातो. आमच्याकडे लग्नात बँडची गाडी पुढे चालते, तिच्यावर कीबोर्ड, ढोल आणि एक गिटार. त्या गिटारवर वऱ्हाड हातात हात गुंतवून नाचतं. माझ्या मामाचा असा बँड आहे. मी त्याच बँडच्या गिटारवर बोटं सोलून घेत शिकलो. मग त्याचा गिटारवाला सुरतेला कामाला गेला, जाताना गिटार घेऊन गेला, आणि मामाचा फोन आला. आमच्या बोलीत तो म्हणाला ते मराठीत असं, "होळीनंतर लग्नं लागतात. तू येतोस तर जागा तुझी. पण गिटार तुझी पाहिजे, आणि आपली होती तीच. नाहीतर मी दुसरा बघतो."

तीच, म्हणजे त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची. नवी घ्यायची माझी ऐपत नव्हती. मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघत बसायचो. एक दिवस नाशिक रोडची एक दिसली. लाल रंग, वर मॉडेलचं नाव, सगळं तेच. दुसरा कोणी नेईल याची भीती, आणि ती खोटी निघेल याचीही.

रविवारी पहिली पाळी संपवून गेलो. घर एका कॉलनीत, विकणारे काका नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. गिटार त्यांच्या मुलाची, मुलगा नोकरीला बंगळूरला. काकांनी चहा दिला. मी गिटार उलटी केली. दांडीच्या टोकाला, डोक्याच्या मागे नंबर होता. तो मोबाइलवर टाकून बघितला तर मॉडेल बरोबर, बनवल्याचा देशही बरोबर. मला एवढं बस झालं. आमच्या कामात जॉबवर नंबर मारलेला असला की तो तपासून पुढे गेलेला असतो, त्याच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही. मी बयाणा दिला, पुढच्या शनिवारी उरलेले देऊन नेतो म्हणालो, आणि परत येताना बसमध्ये एकटाच हसत होतो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी फोटो सगळ्यांना दाखवत होतो. मॅडमनीही बघितला.

"नंबर कुठंय याचा?"

"हा काय, डोक्यामागे."

"आणि ही दांडी या फळीला कशी बसवलीय?"

"मागून चार स्क्रू असतात, मॅडम."

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "म्हणजे असेंब्ली आहे. दोन पार्ट. नंबर दांडीवर. मग तू दांडी पास केलीस, नवापूर. फळी कोणी तपासली?"

रोज दोन पार्ट जोडलेला जॉब हातातून जातो माझ्या, आणि हे मला सुचलं नव्हतं. बाजूचा ऑपरेटर म्हणाला, "गेला रे तुझा बयाणा! आता नुसती दांडीच वाजव." सगळे हसले. मी पण हसलो आणि चहा तसाच ठेवून मशीनवर गेलो.

त्याच कंपनीचं शिकणाऱ्यांसाठी एक स्वस्त मॉडेल असतं हे मला ऐकून माहीत होतं. लांबून दोघी जुळ्या बहिणी. फरक काय, ते मला सांगता येईना. दिवसभर मशीनवर उभा राहून तेच डोक्यात. मामाला फोन करायची हिंमत नव्हती. शेवटी मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी वर न बघता विचारलं, "शनिवारी किती वाजता?"

शनिवार आमच्या एमआयडीसीच्या सुट्टीचा. तो एक दिवस त्यांना मिळतो. मी नको नको म्हणालो, पण खरं सांगायचं तर फार जोरात नाही म्हणालो.

कंपनीची हत्यारं गेटबाहेर जात नाहीत. मॅडमनी स्वतःचा व्हर्नियर आणला, शिकाऊ असताना घेतलेला, रुमालात गुंडाळून. व्हर्नियर म्हणजे दोन जबड्यांमध्ये वस्तू धरून तिची जाडी सांगणारं माप. मी थेट नाशिक रोडला निघालो होतो, तर मला थांबवून म्हणाल्या, "ड्रॉइंग कुठंय?"

"कसलं ड्रॉइंग?"

"मी मोजेन, पण ते बरोबर की चूक ते कशावरून ठरवायचं? ड्रॉइंग नसेल तर खात्रीचा एक पीस दाखव."

म्हणून आधी शालिमारजवळच्या वाद्यांच्या दुकानात गेलो. भिंतीवर तेच मॉडेल नवंकोरं टांगलेलं. मॅडमनी ते उतरवायला लावलं आणि फळीच्या कडेला व्हर्नियर लावला. दुकानदार बघतच राहिला. "मावशी, गिटार आहे ती, पाइप नाही."

"मावशी असेन तुझी. धर नीट, हलवू नकोस."

पंचेचाळीस मिलिमीटर भरली. मग त्याच कंपनीचं स्वस्त मॉडेल मागितलं. ते चाळीस. मॅडमनी दोन्ही आकडे तळहातावर लिहिले. दुकानदाराला आता मजा वाटायला लागली होती, त्याने स्वतःहून सांगितलं की स्वस्तात फळी पातळच असते, लाकूड वाचवतात. डोळ्यांना कळत नाही, म्हणाला.

नाशिक रोडला काकांनी दार उघडलं तेव्हा मी मॅडमच्या मागे सरकलो. एवढ्या सभ्य माणसाला काय सांगू, तुमची वस्तू मोजायची आहे? मॅडम पुढे झाल्या. "नमस्कार. याच्या कंपनीतली आहे. हा घाबरट आहे, म्हणून मी आले. जरा माप घेतलं तर चालेल ना?"

"घ्या की," काका म्हणाले.

गिटार त्यांच्या सोफ्यावर आडवी ठेवली. मॅडमनी एका जागी मोजलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. त्यांची तशी सवयच आहे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला आणि दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं. चाळीस.

मला वाटलं संपलं. होळी, बँड, मामा, सगळं.

मॅडमनी काकांना शांतपणे समजावून सांगितलं. त्यांनी तिथेच मुलाला फोन लावला, स्पीकरवर. मुलगा म्हणाला, "हो बाबा. कॉलेजला असताना जिन्यावरून पडली होती. बॉडीला तडा गेला. मित्राकडे स्वस्तवाली होती, तिची बॉडी लावून घेतली. तुम्ही ओरडाल म्हणून बोललो नाही. जाहिरात टाकताना खरंच डोक्यात आलं नाही माझ्या."

काका लाल झाले. "अहो मॅडम, मी जन्मभर प्रेसमध्ये नोटा तपासल्या. आणि माझ्या घरातच हे!" मग माझ्याकडे वळून, "बाळा, तुझा बयाणा घेऊन जा. राग धरू नकोस."

मी पैसे घ्यायला हात पुढे केला होता. मॅडम म्हणाल्या, "थांब. मी रिजेक्ट कुठे म्हणाले? माप चुकलेला जॉब चालण्यासारखा असेल तर आपण काय करतो?"

"सही करून, तसा शेरा मारून घेतो."

"मग चालतो का बघ. ते मला नाही कळत. ते तुझं काम."

काकांनी मुलाचा छोटा स्पीकर जोडून दिला. पहिले दोन सूर भलतेच लागले. मग आमच्याकडच्या नाचाची चाल धरली. दांडी खरोखर चांगली होती, बोटं घसरत नव्हती. आवाज मामाच्या बँडमधल्या गिटारपेक्षा जरा पातळ, पण स्वच्छ. काकूंनी आतून येऊन दारात उभं राहून ऐकलं.

वाजवून झाल्यावर मी व्हरांड्यात जाऊन मामाला फोन केला. सगळं खरं सांगितलं, दांडी तीच, फळी स्वस्तातली. त्याने विचारलं, "जड हाय का?"

"नाही. हलकी आहे."

"मंग लय चांगलं. पाच-पाच तास गळ्यात राहते ती, माझ्या गिटारवाल्याचा खांदा गेला होता. वऱ्हाडी काय पट्टी घेऊन येणारेत? सूर लागतो ना?"

"लागतो."

"मंग ये."

काकांनी किंमत स्वतःहून खाली आणली, फळी ज्या मॉडेलची होती त्याच हिशोबाने. दांडी वरची म्हणून मी थोडे जास्त देऊ केले तर ते घेईनात. एका कागदावर त्यांनी लिहून दिलं की दांडी अमुक मॉडेलची, बॉडी तमुक, आणि खाली सही केली. मॅडमनी तो कागद वाचला आणि पहिल्यांदा हसल्या. "असे सप्लायर आपल्याला मिळत नाहीत."

परत येताना मी त्यांना जेवायला चला म्हणालो. घरी कपडे भिजवून आलेय, म्हणाल्या. रिक्षाचे पैसेही दिले नाहीत मला देऊ. स्टॉपवर उतरताना एवढंच म्हणाल्या, "उद्या जॉब नीट काढ. गिटारच्या नादात माप चुकवलंस तर तुला सोडणार नाही."

मी इथे कोणाचाच नाही. ज्या बाईला माझं गाव नकाशावर दाखवता येणार नाही तिने आपली सुट्टी माझ्या भीतीसाठी घालवली. त्यांचे आभार मला तोंडाने मानता आले नाहीत, अजून येत नाहीत, टेबलाशी गेलो की जॉब ठेवतो आणि परत येतो. म्हणून इथे लिहितो. मॅडम, हे मी विसरणार नाही. आज माझ्याकडे तुम्हाला देण्यासारखं काही नाही, पण एक दिवस तुमचं कुठलं तरी काम अडेल, आणि त्या दिवशी मी कुठेही असलो, नवापूरला असलो तरी, पहिल्या बसने येईन.