जबडा सैल सोडा

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एमआरआयच्या खोलीला लागून, ईईजीची, म्हणजे मेंदूतली वीज टिपायची, खोली आहे. तिथे सव्वीस वर्षं काम करणाऱ्या बाईला सगळे पाठीमागे जबडाबाई म्हणतात आणि तिला ते चांगलं ठाऊक आहे. कारण उघड आहे. पेशंट खाटेवर आडवा झाला की ती आधी टेपने त्याचं डोकं मोजते, लाल पेन्सिलीने खुणा करते, चिकट लेप लावून एकवीस तारा एकेक करून बसवते, आणि मग म्हणते, "जबडा सैल सोडा." दोन मिनिटांनी पुन्हा, "अहो, सैल म्हणजे सैल. दगड फोडताय का दातांनी?"

राग तिच्या नाकावरच असतो, पण या बाबतीत तो रास्त आहे. मेंदूतली वीज मुळातच क्षीण, कवटीबाहेर येईपर्यंत तिची जेमतेम धुगधुगी उरते. जबड्याच्या स्नायूंची वीज मात्र चांगली दांडगी. माणसाने नुसते दात आवळले तरी पडद्यावरच्या रेषा काळ्याकुट्ट होतात आणि मेंदूचं जे काही असतं ते त्याखाली गडप होतं. म्हणून ती रेषांशेजारी सतत टिपत असते: पापणी हलली, आवंढा गिळला, दात आवळले. एका नव्या डॉक्टरांनी त्या टिपा न वाचताच एका पेशंटला फिट येतात असं लिहून दिलं, तेव्हा ती कागद घेऊन थेट त्यांच्या खोलीत घुसली. "फिट कसली डॉक्टर, तो खोकल्याची गोळी चघळत होता. मी लिहिलंय की इथे!" ते डॉक्टर आता आधी टिपा वाचतात, मग रेषा.

शेजारी एमआरआयवाला दिवसभर "हलू नका" म्हणून ओरडत असतो. त्याच्या यंत्रात मेंदूची ठेवण दिसते, हिच्या यंत्रात त्याची क्षणाक्षणाची खळबळ. स्मरणशक्तीवर संशोधन करणाऱ्या एक प्राध्यापिका वर्षभर दोन्ही खोल्यांत येत होत्या. त्यांनी कष्टाने जमवलेल्या प्रतिमांपैकी तिसरा हिस्सा सरळ टाकून दिला, का तर माणसांची डोकी केसभर हलली होती. तेव्हापासून जबडाबाईला त्या फार आवडतात. हौशी लोकांचंही तिला वावडं नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने घरीच तीन तारांचं यंत्र जुळवलं होतं. आठवडाभर तो स्वतःच्या पापण्यांची उघडझाप मेंदूच्या लहरी म्हणून मोजत बसला आणि चूक कळल्यावर तिच्यासमोर पोट धरधरून हसला. असा माणूस तिला दोन डॉक्टरांच्या तोडीचा वाटतो. तिचं वाकडं आहे ते फक्त ज्यांना स्वतःच्या यंत्राचा कधी संशयच येत नाही त्यांच्याशी.

तर एका रविवारी तिची धाकटी बहीण चेहरा पाडून घरी आली. धाकटी कपड्यांच्या कारखान्यात नमुना विभागात आहे. नवा कपडा शिवायला घेण्याआधी त्याचा पहिला नमुना पुतळ्यावर टाचण्यांनी बसवायचा, हे तिचं काम. एकोणीस वर्षं करतेय, आणि बाहीचा झोल तिच्याइतका कुणाला काढता येत नाही. तिने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. त्यावर छापलं होतं: लक्ष २३ टक्के, ताण तीव्र.

"हे काय?"

"मालकांच्या जावयांनी डोक्याला बांधायच्या पट्ट्या आणल्यात. मेंदू मोजायच्या. दोन तास बांधून काम करायचं. दर दोन मिनिटांनी फोनवर आकडा येतो, शेवटी त्यांची सरासरी. पन्नासच्या खाली आला की नाजूक काम बंद. उद्यापासून मी तळघरात खोकी भरायला."

"आणि तू हो म्हणालीस?"

"यंत्रानेच दाखवलं ना, ताई. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?" मग ती हळूच म्हणाली, "माझा एमआरआय काढून देशील का गं? खरंच काही बिघडलं असेल तर वेळेवर कळलेलं बरं."

जबडाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवीस टक्के! कशाचे तेवीस टक्के? सव्वीस वर्षांत लक्षाचा आकडा छापणारी एकही लहर तिला दिसली नव्हती. आणि या जावईबापूंना ती घरबसल्या सापडली!

"पट्टी बांधली तेव्हा काय करत होतीस?"

"काम. बाही लावत होते."

"टाचण्या कुठे होत्या?"

"कुठे म्हणजे? दातांत. नेहमीसारख्या."

जबडाबाईने कपाळावर हात मारून घेतला. दोन तास दात आवळून बसलेल्या बाईचा मेंदू मोजला होता म्हणे!

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती धाकटीला घेऊन कारखान्यात गेली. नमुना विभागात दहाबारा बाया, चार टेबलं आणि तेवढेच डोक्यासकटचे कापडी पुतळे. जावई तसे गोड बोलणारे. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि मेंदूविज्ञान किती पुढे गेलंय ते रुग्णालयातल्याच बाईला समजावायला घेतलं. तिने ओठ चावत सगळं ऐकून घेतलं.

"पट्टी बांधा हिला," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

धाकटीने दातांत टाचण्या धरून बाही लावली. आकडा आला एकवीस. मग जबडाबाईने टाचण्या तोंडातून काढून टाचण्यांच्या छोट्या उशीत खोचायला लावल्या. "तोंड किंचित उघडं ठेव. जबडा सैल सोड." तीच बाही, तेच हात. आकडा आला शहात्तर.

जावयांनी टाळीच वाजवली. "वा, वा! म्हणजे टाचण्या तोंडात धरायची सवय वाईट! लक्ष तिथेच जातं. बाई, तुम्ही आमचा प्रश्न सोडवलात."

"मी काहीही सोडवलेलं नाही!" जबडाबाई उसळली. "तेवीस जसा खोटा तसाच हा शहात्तरही. तुमची पट्टी हिचे दात मोजतेय, लक्ष नाही. दात!"

"असं कसं? यंत्र तर..."

तिने पुढचं ऐकलंच नाही. पट्टीला कातडीसारखी ओल मिळावी म्हणून इस्त्रीजवळच्या बादलीत एक फडकं बुडवलं, पिळलं, एका पुतळ्याच्या डोक्याला गुंडाळलं आणि धाकटीच्या कपाळावरची पट्टी काढून त्यावर घट्ट बसवली. सगळ्या बाया काम सोडून उभ्या राहिल्या. फोनवर गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि आकडा उमटला: लक्ष ६४ टक्के, ताण सौम्य.

"घ्या," जबडाबाई म्हणाली. "याला द्या नाजूक काम. माझ्या बहिणीपेक्षा तिपटीने हुशार आहे."

आधी कुणीतरी एक फसकन हसली, मग सगळ्याच. जावयांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. पण माणूस अगदीच निगरगट्ट नव्हता. त्यांनी पट्ट्या खोक्यात भरायला सांगितल्या, बदलीचा कागद फाडला आणि धाकटीला म्हणाले, "तुमचं टेबल तुमचंच. उद्यापासून नेहमीसारखं काम करा." तोंडातल्या तोंडात का होईना, माफीसारखं काहीतरी पुटपुटलेही.

दोघी जिना उतरून फाटकाशी आल्या. जबडाबाईच्या अंगातला ताव अजून उतरला नव्हता. पुतळ्याची नक्कल करत, आपल्याच बोलण्यावर खूश होत ती भराभर चालत होती. धाकटी मागे पडली.

"ताई."

"काय गं? चल की."

"पुतळ्याचं खोटं, ते कळलं मला. माझं तेवीसही खोटं. पण..." तिने पर्सचा पट्टा बोटांना गुंडाळला. "मग माझं खरं किती असेल गं? तुमच्या मोठ्या यंत्रावर कळेल का? पन्नासच्या वर तरी असेल ना?"

एकोणीस वर्षं हातांवर भरवसा ठेवून जगलेली ही बाई आता आकडा मागत होती. बहिणीवर ओरडावं असं क्षणभर जबडाबाईला वाटलं, आणि मग कळलं की ओरडायचं ते हिच्यावर नाही. तिचे डोळे भरून आले. तिने धाकटीचा हात धरला, तिला तशीच मागे वळवली आणि दोन दोन पायऱ्या चढत पुन्हा वर गेली. जावई दारातच पट्ट्यांचं खोकं घेऊन उभे होते.

"आता काय राहिलं, बाई? टेबल दिलं ना मी?"

"टेबल दिलंत," जबडाबाई म्हणाली. "आता हिच्या डोक्यात घातलेला आकडा काढून द्या. या सगळ्यांसमोर, आत्ता. त्याचं यंत्र आहे का तुमच्याकडे?"