ओळखीची साखर

"जागा हाये का रे?" असं लॅबमंधली ताई आपल्या काचेच्या धाग्याले रोज विचारे. केसावानी बारीक धागा, निळा उजेड सोडला का टोकाशी टिकलीएवढा चमके. त्या टोकाले ताईनं एन्झाइमचा लेप लावला होता. साखर भेटली का तो लेप कामाले लागे, उजेड कमीजास्त होये, अन् त्यावरून साखर किती ते समजे. मी नववी शिकलेली, सावंगीच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर तिच्या लॅबमंधी बाटल्या धुवाले होती, मले एवढंच समजलं.

पण ताई कोणत्याई नमुन्यात धागा सरळ घाले नाई. आधी आपल्या हातानं घोललेल्या साखरेच्या पाण्यात बुडवे. उजेड बरोबर आला तरच पुढं. "आधी ओळखीची साखर, मंग अनोळखी."

"ताई, सोयरीक पाहून राह्यल्या का?"

"हो ना वं. नवरदेव लय नाजूक हाये, सुकला का मेला!"

अल्लीपूर गावची होती ती. तिच्या डब्यातली अर्धी भाकर माही, हे ठरलेलंच.

माही पोरगी तवा तान्ही. तिची रगतातली साखर एकदम खाली जाये, अंग थंडगार, घाम. खालच्या वार्डात नर्सबाया घडीघडी टाचेले टोचत, अन् ती अशी रडे का माहा जीवच जाये. एक दिवस मी धापा टाकत वर पळाली, ताईचे पाय धरले, "ताई, तुमचा धागा लावा ना तिले, टोचू नका म्हणा त्याईले!"

ताईनं धाग्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. "नाई वं माय. हा अजून बाटलीतल्या पाण्यापाशीच खरं बोलते. लेकरापाशी खोटं बोलला तं?"

मले राग आला. पण ती माह्यासंगं खाली आली, पोरीचा पाय दोन्ही तळव्यात धरून गरम करत बसली, का थेंब एकाच टोचण्यात निघाला पाह्यजे. निघाला. साखर लय खाली होती. लगेच साखरेची सलाईन लागली, अन् पोरगी वाचली.

मंग ताईचं काम संपलं, नोकरीले दूर गेली. जातानी म्हणे, "धागा पक्का झाला का पहिले तुह्या पोरीपाशी आणीन." मी अजून वाट पाह्यतो. लॅबमंधी दुसरे लोकं हायेत, धाग्यासंगं कोणी बोलत नाई.

पोरगी आता अंगणभर पळते. तरी सकाळी तिच्या अंगाले हात लावाले मले भेव वाटते, थंड तं नसन लागत, तुम्हीई माय असान तं समजन. आधी माह्या मानेले हात, ओळखीची ऊब. मंग तिच्या.

"जागी हाये का वं?"

अन् ती झोपेतच पाय झाडते. ताईनं धरला होता, तोच.