वर्षभराचं तेल

"ए, बाजूला हो आधी! काय ओततोयस त्या इंजिनात? अत्तर?"

आवाज चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून आला. मी खाली पार्किंगमध्ये, माझ्या टीचभर गाडीचं बॉनेट उघडून, सिंथेटिक ऑइलचा डबा हातात धरून उभा होतो. चंडीगढला लागून असलेल्या झिरकपूरच्या त्या सोसायटीत राहायला येऊन मला आठवडाही झाला नव्हता. तिथं मराठीत शिव्या बसतील अशी अपेक्षाच नव्हती. आणि आवाज असा, की विमानतळावर उतरायला निघालेलं एक विमान बिचकून परत वर गेलं. खोटं वाटत असेल तर त्या विमानातल्या लोकांना विचारा. लिफ्ट बंद होती, तरी माझा डबा जमिनीला टेकायच्या आत तो माणूस माझ्यासमोर. पायजमा, वर एअरफोर्सचा विटका निळा स्वेटर. त्यानं डबा उचलला, हुंगला, हात लांब करून त्यावरचा मजकूर वाचला आणि मयताची बातमी ऐकल्यासारखी मान हलवली.

"नंबरप्लेट नागपूरची दिसली म्हणून मराठीत ओरडलो," ते म्हणाले. "पंजाबीत ओरडलो असतो तर जास्त लागलं असतं."

तेच आमचे तेलकाका. आता त्या बाल्कनीत नुसती खुर्ची आहे. खाली त्यांच्या गाडीच्या जागेवर फरशीत मुरलेला तेलाचा डाग आहे, तो घासून घासून सफाईवाले थकले. पार्किंगमध्ये कुणी काहीही ओतलं तरी वरून कुणी काही म्हणत नाही. असली शांतता मला सोसत नाही.

काका मूळचे सांगलीकडचे. सगळी नोकरी एअरफोर्समध्ये इंजिनं उघडण्यात गेलेली. निवृत्तीनंतर त्यांच्या बरोबरीचे सगळे गावाकडे गेले, हे इथंच राहिले. कारण काकूंना चंडीगढमधल्या एका शाळेत गाणं शिकवायची नोकरी मिळाली होती आणि त्या नोकरीवर काकूंचा जीव होता. झिरकपूरहून ती शाळा गाठायची तर हाताशी गाडी हवी. सकाळी काकूंना सोडायचं, दुपारी आणायचं, एवढ्यासाठी काकांनी एक जुनी, पांढरी, स्वस्तातली गाडी पाळली होती. पाळली असंच म्हणायला हवं. सोसायटीत कुत्री पाळलेली घरं पुष्कळ होती, पण कुणी कुत्र्याशी इतकं बोलत नसे.

त्यांची पहिली सवय, कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडं दिसलं की तेल मोजायची पट्टी ओढून काढायची आणि तिच्यावरचं तेल अंगठ्या-बोटात चोळायचं. मग डोळे मिटून निकाल द्यायचा. एकदा माझ्या गाडीचं तेल चोळून म्हणाले, "काल पटियालाच्या रस्त्यानं आलास. तिसऱ्या गिअरमध्ये, आणि बायकोशी भांडत." मी पटियालाहून आलो होतो, हे खरं. बायको तोवर झालेलीच नव्हती. हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग होणार आहे." पुढं लग्न झालं आणि त्याच रस्त्यावर आमचं भांडणही झालं. तेव्हापासून काकांसमोर मी बॉनेट उघडायला घाबरत असे.

साधं मिनरल तेल की सिंथेटिक, यावर आमचं जे चाललं ते बघायला लोक खुर्च्या घेऊन खाली यायचे. मी आयटी पार्कात कामाला, रोज झिरकपूरच्या जाममध्ये अर्धं आयुष्य घालवणारा. माझं म्हणणं साधं होतं. उभ्या गाडीत इंजिन तापतं, जानेवारीच्या धुक्यात गारठतं. अशा वेळी साधं तेल काकवीसारखं घट्ट होऊन बसतं, सिंथेटिक पटकन सगळीकडे पोचतं.

"काकवी खाऊनच आम्ही मोठे झालो," काका म्हणायचे. "माझी गाडी धावते किती? घर आणि शाळा. तिला पैलवानाचा खुराक कशाला? आणि म्हाताऱ्या इंजिनात तुझं पातळ तेल घातलं की सांध्यासांध्यातून गळतंय बघ."

"तुमचं जाड तेलसुद्धा गळतंच की, काका. फरशी बघा."

"ते गळत नाही. सही करतंय."

थंडीत माझी गाडी चावी फिरवताच चालू व्हायची. त्यांची खोकायची, थरथरायची, सगळ्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडायला लावायची. मी गालात हसलो की ते म्हणायचे, "तुझी गाडी नुसती उठते, नागपूरकर. माझी विचार करून उठते."

पण त्यांचं खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी एकदाच सांगितलं. साधं तेल सहा महिन्यांत थकतं, बदलावं लागतं. "बदलायचं म्हणजे वर्षातनं दोनदा तिच्याखाली जावं लागतंय. खाली गेलं की कळतं तिला काय दुखतंय. तुझं तेल वर्षभर जातं म्हणतोस. वर्षभर ज्याच्याकडे बघायचं नाही, ते आपलं कसं?"

म्हणून वर्षातून दोनदा, दिवाळीच्या तोंडावर आणि बैसाखीच्या सुमारास, आमच्या पार्किंगमध्ये उत्सव असे. काका आधी गाडी विमानतळाच्या रस्त्यावर फिरवून आणायचे, म्हणजे तेल कोमट होऊन सुटं होतं. मग बराकीतलं करडं ब्लँकेट अंथरून खाली सरपटायचे. काकूंची बाद झालेली परात तळाशी लागायची, पान्यानं नट सुटायचा, काळी धार पडायची. शेवटचा थेंब पडेपर्यंत काका खालून बाहेर येत नसत. मधल्या वेळात काकू वरून डबाभर भडंग आणायच्या आणि अख्खी सोसायटी, सरदार, हिमाचली, मद्रासी, सांगलीचं भडंग खात उभी राहायची. काढलेलं तेल काका शेजारच्या बांधकामावर द्यायचे, तिथं सिमेंट चिकटू नये म्हणून ते सेंट्रिंगच्या फळ्यांना फासतात. निम्मं झिरकपूर काकांच्या काळ्या तेलावर उभं आहे, असं मी पाहुण्यांना सांगायचो. काका ते खोडून काढत नसत.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांनी एकाएकी काकूंना गाडी शिकवायला घेतली. काकू साठीला टेकलेल्या, जन्मात कधी सायकलही न चालवलेल्या. रोज संध्याकाळी सोसायटीच्या आवारात गाडी बेडकासारखी उड्या मारत फिरायची आणि आतून काका ओरडायचे, "अगं, क्लच सोड म्हणालो, जीव सोड नाही म्हणालो." त्यावर काकू गाडी आवाराच्या मधोमध उभी करून म्हणायच्या, "मी शाळेत असं ओरडले असते तर एक पोर गायलं नसतं." पोरंबाळं खिडक्यांतून टाळ्या वाजवायची. मग हळूहळू गाडी सरळ चालायला लागली आणि काकांचा ओरडाही थांबला. आम्ही म्हटलं, काकूंना जमलं बरं का.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी माझी बेल वाजली. दारात काका. ते कधी बेल वाजवत नसत, जिन्यातूनच हाक मारत. एक मजला उतरून आले होते आणि भिंतीला हात टेकून उभे होते.

"तुझं ते अत्तर आहे का घरात?"

मी काय केलं असेल ते सांगायला नको. दिवाणखान्यात नाचलो. बायकोला हाक मारली, साक्षीला ये म्हटलं. इतक्या वर्षांनी चितोडगड पडला होता, मला तो साजरा करायचा होता. काका आत येऊन सोफ्यावर टेकून बघत होते. माझा नाच संपल्यावर म्हणाले, "वर्ष जातं ना खरंच?"

"जातं काका. तुमच्यासारखी कमी चालवली तर आरामात."

"पक्का?"

"पक्का."

"मग चल. पण खाली तू जा. मला वाकवत नाही."

मी त्यांच्या ब्लँकेटवर झोपलो, गाडीखाली गेलो. नट सोडता सोडता मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. चपलेत ते पाय हडकलेले, सुजलेल्या घोट्यांचे. मी हे आधी बघितलंच नव्हतं. वरून आवाज आला, तो त्यांचा वाटतच नव्हता.

"डॉक्टर म्हणतात पोटात पसरलंय. बैसाखी बघायला मिळेल असं त्यांना वाटत नाही."

काळी धार परातीत पडत होती. बाहेर यावं असं वाटलं, पण थेंब संपल्याशिवाय बाहेर यायचं नाही हा त्यांचाच नियम.

"हिला गाडी चालवता येईल, ते मी बघितलंय," काका म्हणाले. "पण हिला गाडीखाली कोण झोपवणार? मी गेल्यावर लगेच गाडीनं कुरकुर केली, की पुण्याहून पोरगी म्हणेल, विक ती आणि ये इकडं. मग हिची शाळा गेली. एक वर्ष हिला कुणाच्या दारात जावं लागू नये. तेवढ्यात हिचा पाय घट्ट होईल."

"काकूंना माहीत आहे?"

"सगळं माहीत आहे तिला. मला कळू देत नाही, एवढंच."

मी नवा फिल्टर बसवला, नट आवळला, बाहेर आलो. सिंथेटिक तेल मी नरसाळ्यानं ओतलं आणि त्यांनी बघितलं. पातळ, मधासारखं, आवाज न करता आत गेलं. त्यांनी पट्टी काढून अंगठ्या-बोटात चोळलं, डोळे मिटले. निकाल दिला नाही. त्या दिवशी भडंग आलं, पण खाली कुणी थांबलं नाही, मीसुद्धा.

फेब्रुवारीत, धुकं सरत आलं तेव्हा काका गेले. पुण्याहून मुलगी आली, अगदी काकांनी सांगितलं होतं तसंच बोलली. गाडी विकू या, आई, तू इथं एकटी काय करणार. काकूंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. परतीच्या दिवशी तिला स्वतः गाडी चालवून विमानतळावर सोडलं आणि तिथून तशाच शाळेत गेल्या. चावी फिरवली की त्यांची गाडी आता पहिल्या झटक्यात सुरू होते. खोकत नाही, थरथरत नाही. मला त्या खिडक्या उघडण्याच्या आवाजाची सवय होती, त्यामुळे रोज सकाळी दचकायला होतं.

बैसाखीचा रविवार आला. मला घरात बसवेना. ब्लँकेट माझ्याकडेच राहिलं होतं, ते काढलं, परात शोधली, साधं मिनरल तेल, काकांचंच, विकत आणलं. खाली काकू गाडीजवळ उभ्या दिसल्या तेव्हा मी बाल्कनीतून घसा फाडून ओरडलो, जमेल तितकं त्यांच्यासारखं. "काकू, थांबा. सहा महिने झाले, तेल बदलायचंय. मी खाली येतो."

काकूंनी वर बघितलं. मग बॉनेट उघडलं, पट्टी ओढून काढली, तिच्यावरचं तेल अंगठ्या-बोटात चोळलं आणि डोळे मिटले. पट्टी पुसून जागेवर ठेवली, बॉनेट लावलं.

"वर्ष व्हायचंय अजून," त्या म्हणाल्या.