‘नाईस’ कुणाला म्हणतात

"सो नाईस!" म्हणत त्या बाईंनी माझा गाल ओढला आणि मोबाईल धरून उभ्या असलेल्या नवऱ्याला सांगितलं, "इसका क्लोजअप लो."

मी सातवीत होते. अंगात शाळेचा निळा गणवेश आणि त्यावर कमरेला सुतळीनं बांधलेली पळसाची पानं. केसांत कोंबड्याची पिसं. ही सगळी सजावट आमच्या सरांची.

पांढरकवड्याजवळची आमची निवासी शाळा. जंगलात वाघ बघायला आलेले पाहुणे परतताना शाळेत वह्या वाटायला थांबायचे. ते आले की आम्ही कोलाम पोरींनी ढेमसा नाचायचा. ढेमसा आमचाच, त्याची लाज नव्हती. पण आमच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, कुणीही पानं नेसत नाही. माझी माय दिवाळीला नायलॉनची साडी नेसून नाचते. सरांना हे माहीत नव्हतं असं नाही. पट भरायला तेच तर घरोघर फिरायचे.

"तुमी आदिवासी हाय हे पाहुण्यायले दिसलं पाह्यजे," ते म्हणायचे.

येणारा प्रत्येक पाहुणा आम्हाला नाईस म्हणायचा. इतक्या वेळा, की कोलामाला इंग्रजीत नाईस म्हणत असतील असंच मला वाटायचं. शेवटी भर वर्गात सरांना विचारलं.

"नाईस म्हंजे छान," सर म्हणाले. "पानं नेसली का छान दिसते तू. समजलं?"

वर्ग हसला. माझे कान तापले. रडले नाही, पण त्या शब्दाचा पिच्छाही सोडला नाही. पाहुणे कशाकशाला नाईस म्हणतात त्यावर मी बारीक लक्ष ठेवू लागले. वाघाच्या फोटोला म्हणायचे. स्वयंपाकाच्या मावशींच्या हातावरच्या गोंदणाला म्हणायचे. चुलीच्या धुराला सुद्धा.

मग एकदा एका पाहुण्यानं मला म्हटलं, "कुछ इंग्लिश में सुनाओ." मी चार वाक्यं आठवून आठवून जुळवली. न्हाणीघरात पाणी नाही, आम्ही नाल्यावर आंघोळ करतो, तिथे माणसं बघत उभी राहतात. एवढंच सांगितलं. बरोबर इंग्रजीत सांगितलं. कुणी नाईस म्हणालं नाही. सरांनी दंड धरून मला मागे ओढलं.

"लय शहानी झाली का?"

अर्थ सरांनी शिकवला होता. वापर मला त्या दिवशी कळला. जे नुसतं बघता येतं आणि उलटून काही बोलत नाही, त्याला ही माणसं नाईस म्हणतात. मला स्वतःचीच चीड आली. दोन वर्षं मी त्या शब्दावर खूश होते.

पुढच्या खेपेला सरांनी पानांचा भारा आमच्यापुढे टाकला.

"मी नाही नेसत, सर."

"काहून?"

"आमच्यात कोणीच नेसत नाही."

"नाव काटून टाकीन. जाय मंग पोडावर, कापूस वेचत बस."

आमच्या पोडावरून सातवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच पोर. नाव कापलं तर दुसरी शाळा नव्हती. बाकीच्या पोरी खाली मान घालून सुतळ्या बांधत होत्या. त्यांना मी दोष देत नाही. माझाही हात एकदा पानांकडे गेला. मी तो मागे घेतला.

पाहुणे आले. मी नुसत्या गणवेशात बाजूला उभी होते.

"ये डान्स नहीं करेगी?" एका बाईंनी विचारलं.

"लाजते थोडी," सर हसले.

"लाजत नाही," मी मोठ्यानं म्हणाले. "पानं नेसत नाही."

बाईंनी मोबाईल खाली घेतला. सरांनी नाव कापलं नाही, पण त्यानंतर एकाही स्पर्धेला पाठवलं नाही. वर्षभर मागच्या बाकावर बसवलं. मी तिथूनच शिकले.

आज मी अशाच एका शाळेत इंग्रजी शिकवते. कंत्राटावर. पाहुणे अजून येतात, पानांचे भारेही येतात. परवा मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, दहा मिनिटाचा त नाच हाय. कायले अडून राह्यल्या? नोकरी नाही पाह्यजे का?"

नोकरी पाहिजे. घर तिच्यावर चालतं. पण माझ्या वर्गातल्या एका जरी पोरीच्या कमरेला पान बांधायचं असेल, तर आधी मला या शाळेतून बाहेर काढावं लागेल. आणि मी आपल्या पायांनी जाणार नाही.